‘विल’ म्हणजे ‘-ईल’ नव्हे

आपल्या शिक्षणात काही समजुती अशा रुजलेल्या असतात की त्या आपल्याला कोणी शिकवल्या हे कोणालाच आठवत नाही, आणि म्हणून त्यांना जाब विचारण्याचेही कोणाच्या मनात येत नाही. इंग्रजीत तीन काळ आहेत, प्रत्येकाचे चार प्रकार आहेत, असे एकूण बारा काळ होतात. त्यांपैकी भविष्यकाळाचे चिन्ह ‘शॅल’ किंवा ‘विल’. आणि त्याचे मराठी म्हणजे धातूला ‘-ईल’ लावणे, ही अशीच एक समजूत. शाळेच्या भिंतीवर, मार्गदर्शिकेच्या मलपृष्ठावर, स्पर्धा परीक्षांच्या शिकवणीतल्या फळ्यावर तीन उभे आणि चार आडवे रकाने असलेला हा तक्ता विराजमान असतो. बारावी झालेला विद्यार्थी वर्डस्वर्थ विसरतो, बालकवी विसरतो, पण हा तक्ता विसरत नाही.

प्रस्तुत लेख या तक्त्याविरुद्ध आहे. तो इंग्रजीविषयी चुकीचा आहे हे इंग्रजीच्या व्याकरणकारांनी केव्हाच सांगून झाले आहे. तो मराठीविषयी त्याहून अधिक चुकीचा आहे, हे मात्र आम्ही मराठीचे प्राध्यापक पुरेशा स्पष्टपणे सांगत नाही. आणि या दुहेरी चुकीची किंमत ना इंग्रजी मोजते ना व्याकरण. ती मराठीतले गद्य मोजते आहे. ‘इंग्रजी व्याकरणात मराठीच्या माणसाने का नाक खुपसावे?’ असा प्रश्न कोणी विचारील, तर त्याला हे उत्तर पुरे व्हावे.

आधी इंग्रजीचे पाहू. ‘काळ’ हा शब्द आपण दोन अर्थांनी वापरतो. एक जगातला काळ: काल, आज, उद्या. दुसरा व्याकरणातला काळ: क्रियापदाच्या रूपात होणारा बदल. पहिला सर्व भाषांना सारखाच. दुसरा भाषेगणिक वेगळा. इंग्रजी क्रियापद स्वतःच्या रूपात वर्तमान आणि भूत एवढाच भेद दाखवते. ‘वॉक’चे ‘वॉक्ट’ होते, ‘गो’चे ‘वेंट’ होते; पण ‘उद्या’साठी असे कोणतेही रूप नाही. रँडॉल्फ क्वर्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे १९८५ चे बृहद्व्याकरण घ्या किंवा रॉडनी हडलस्टन व जेफ्री पुलम यांचे २००२ चे केंब्रिज व्याकरण घ्या, दोन्ही ठिकाणी निष्कर्ष एकच आहे: इंग्रजीत भविष्याविषयी बोलण्याच्या रीती पुष्कळ आहेत, पण भविष्यकाळ नावाचा स्वतंत्र काळ नाही. ‘विल’ हे ‘कॅन’, ‘मे’, ‘मस्ट’ यांच्या पंक्तीतले साहाय्यक क्रियापद आहे. शक्यता, इच्छा, बंधन, अनुमान हा या पंक्तीचा धंदा. आपल्या व्याकरणाच्या परिभाषेत बोलायचे तर ‘विल’चा संबंध काळाशी कमी आणि ‘अर्था’शी, म्हणजे आज्ञार्थ-विध्यर्थाच्या घराण्याशी, अधिक आहे. या निष्कर्षावर सगळ्यांचे एकमत आहे असे नाही. ‘विल’ला काळाचे चिन्ह मानणारे अभ्यासकही आहेत. पण ‘विल’ हे भविष्याचे एकमेव किंवा निर्मळ चिन्ह आहे असे त्यांच्यापैकीही कोणी गंभीरपणे म्हणत नाही. ते फक्त आपला तक्ता म्हणतो.

या रीतींमधले भेद शोभेचे नाहीत. आकाश काळवंडलेले पाहून इंग्रज माणूस ‘इट इज गोइंग टु रेन’ म्हणतो, कारण पावसाची खूण त्याच्या डोळ्यांसमोर आहे. ‘इट विल रेन’ यात वक्त्याचा अंदाज किंवा विश्वास असतो, समोरची खूण असेलच असे नाही. ‘द ट्रेन लीव्ह्ज ॲट सिक्स टुमॉरो’ या वाक्यात वर्तमानाचे रूप उद्यासाठी येते, कारण वेळापत्रक आजच ठरलेले आहे. ‘आय ॲम मीटिंग हर टुमॉरो’ यात भेट दोघांत आधीच ठरली आहे. ‘द मिनिस्टर इज टु व्हिजिट’ यात कोणीतरी वरून ठरवलेला कार्यक्रम आहे. ‘इफ इट रेन्स टुमॉरो’ या अटीच्या वाक्यात तर साधारणपणे ‘विल’ला मज्जावच असतो. वक्ता ठरवतो आहे की ठरलेले सांगतो आहे, पाहतो आहे की तर्क करतो आहे, हे सांगणे हा या साऱ्या खटाटोपाचा हेतू. तक्त्याच्या चार रकान्यांत यातले काहीही बसत नाही. ‘गोइंग टु’ला तर अनेक तक्त्यांत जागाच नसते, एवढे रोजचे रूप तळटीपेतही सापडत नाही.

मग ‘शॅल-विल’ आले कुठून? या कथेत आपल्याला शिकण्यासारखे पुष्कळ आहे. जुन्या इंग्रजीला भविष्याचे रूप नव्हतेच. इसवी सन १००० च्या सुमारास एल्फ्रिक नावाच्या धर्मगुरूने आपल्या विद्यार्थ्यांसाठी लॅटिनचे व्याकरण इंग्रजीत लिहिले. लॅटिनमधल्या भविष्यरूपाचा अर्थ सांगताना त्याने सरळ वर्तमानाचेच रूप घेतले आणि सोबत ‘लगेच’ किंवा ‘कधीतरी’ अशा अर्थाची क्रियाविशेषणे जोडली. त्याला त्यात काही कमीपणा वाटला नाही. ‘विल’ तेव्हा ‘इच्छिणे’ या अर्थाचे स्वतंत्र क्रियापद होते आणि ‘शॅल’ ‘देणे असणे’, ‘ऋणी असणे’ या अर्थाचे. जर्मनमध्ये कर्ज आणि अपराध या दोन्हींसाठी असलेला ‘शुल्ड’ हा शब्द ‘शॅल’चाच भाऊबंद. म्हणजे इंग्रजीत उद्याकडे जाणारे दोन मुख्य रस्ते निघाले ते एक इच्छेतून आणि दुसरा ऋणातून. तिसरा, ‘गोइंग टु’चा, रस्ता पंधराव्या शतकाच्या अखेरीस चालण्याच्या क्रियेतून फुटला. माणूस भविष्याविषयी बोलतो तेव्हा तो काय हवे, काय देणे लागतो आणि कुठे निघालो आहोत हेच बोलत असतो. इंग्रजीने ते लपवले नाही, इतकेच.

लपवले ते व्याकरणकारांनी. १६५३ साली जॉन वॉलिस या गणितज्ञाने (अनंताचे आडव्या आठासारखे चिन्ह रूढ केले ते हेच गृहस्थ) इंग्रजीचे व्याकरण लॅटिन भाषेत लिहिले. त्यात त्याने नियम घालून दिला: प्रथमपुरुषात नुसते भविष्य सांगायचे तर ‘शॅल’, आणि द्वितीय व तृतीय पुरुषात ‘विल’, उलट केले की निर्धार, आश्वासन किंवा धमकी. पुढच्या व्याकरणकारांनी या नियमाला पैलू पाडले आणि एकोणिसाव्या शतकात तो सुशिक्षितपणाचे प्रमाणपत्र झाला. त्यावरचा एक विनोद प्रसिद्ध आहे: पाण्यात पडलेला एक परका माणूस ‘आय विल ड्राउन, नोबडी शॅल सेव्ह मी’ असे ओरडतो, आणि काठावरचे व्याकरणनिष्ठ इंग्रज त्याच्या जीव देण्याच्या निर्धाराचा मान राखून त्याला बुडू देतात. फाउलर बंधूंनी १९०६ च्या आपल्या पुस्तकात या नियमावर पानेच्या पाने खर्च केली आणि वर हेही मान्य केले की दक्षिण इंग्लंडात जन्मलेल्याला तो आपोआप येतो. इतरांना तो साधणे जवळपास अशक्य! १९२५ साली चार्ल्स फ्राइज या अमेरिकन अभ्यासकाने काही शतकांची इंग्रजी नाटके तपासली, तेव्हा प्रथमपुरुषातही ‘विल’चेच प्राबल्य त्याला आढळले. म्हणजे ज्या नियमासाठी आमच्या दोन पिढ्यांनी छड्या खाल्ल्या, तो नियम खुद्द नाटकांतल्या इंग्रजांनी पाळला नव्हता.

आणि नियम खरा मानला तर काय होते? जून १९४० मध्ये चर्चिलने ब्रिटिश संसदेत केलेल्या भाषणात ‘वुई शॅल’ पुन्हा पुन्हा येते. मॅकआर्थरने १९४२ साली फिलिपीन्सला परतण्याचे दिलेले वचनही ‘शॅल’मध्येच आहे. वॉलिसच्या नियमानुसार प्रथमपुरुषातला ‘शॅल’ म्हणजे निव्वळ भाकीत. चर्चिलचे ते शब्द हवामान खात्याच्या अंदाजासारखे कोणी ऐकले होते काय? ऐकणाऱ्याला त्यात प्रतिज्ञा ऐकू आली. तक्त्यावर वाढलेल्या विद्यार्थ्याला मात्र त्यात ‘साधा भविष्यकाळ’ दिसतो. साहित्याच्या विद्यार्थ्याला प्रतिज्ञा आणि भाकीत यांतला फरक ऐकू येत नसेल, तर आम्ही त्याला नेमके काय शिकवले?

हा प्रश्न साहित्यापुरताही नाही. भारताच्या संविधानाचा इंग्रजी पाठ ‘शॅल’ने भरलेला आहे. पहिल्याच अनुच्छेदात भारत हा राज्यांचा संघ ‘शॅल बी’ असे म्हटले आहे आणि मराठी पाठात तिथे ‘असेल’ आहे. इंग्रजीतला तो ‘शॅल’ विधानाचा आहे, विधात्याचा आहे. तो उद्याचे वर्तवत नाही, आजपासूनचे ठरवतो. कायद्यातला एखादा ‘शॅल’ बंधनकारक मानायचा की केवळ मार्गदर्शक, यावर आपल्या न्यायालयांत वारंवार वाद झालेले आहेत. मराठीतला ‘असेल’ मात्र बोलीत दुसऱ्याच गावचा रहिवासी आहे. ‘तो घरी असेल’ या वाक्यातली शंका त्याच्या पाठीवर आहे. संविधानाचे भाषांतर करणाऱ्यांना मी दोष देत नाही. विधीच्या भाषेत ‘-ईल’ रूपाने आता स्वतःची परंपरा निर्माण केली आहे. पण ही परंपरा आहे, समानार्थ नव्हे, हे विद्यार्थ्याला कोणी सांगत नाही.

आता मराठीकडे वळू. दादोबा पांडुरंग यांचे व्याकरण १८३६ साली आले. त्यांना ‘मराठीचे पाणिनी’ म्हटले जाते, आणि त्यांचे काम पाहता ते वावगे नाही. तथापि त्यांच्यापासून पुढे मराठी व्याकरणाचे घर ज्या आराखड्यावर उभे राहिले, त्याची एक भिंत संस्कृतची होती आणि दुसरी इंग्रजीची. पुढे तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर आपल्या कित्येक पिढ्या इंग्रजी शिकल्या. या व्यवहारात एक सोयीस्कर चलनदर ठरून गेला: एक ‘विल’ बरोबर एक ‘-ईल’. इंग्रजी शिकण्यासाठी ठरवलेला हा दर पुढे मराठी समजून घेण्यासाठीही वापरला जाऊ लागला, इथे खरा घात झाला.

गंमत अशी की ज्या पाणिनीचे नाव आपण गौरवाने घेतो, तो या बाबतीत आपल्या तक्त्याहून कितीतरी मोकळा होता. त्याने भविष्यासाठी एक नव्हे, दोन लकार दिले: ‘लृट्’ सर्वसाधारण, आणि ‘लुट्’ आजचा दिवस ओलांडून पलीकडे असलेल्या भविष्यासाठी. एवढ्यावर तो थांबला नाही. तिसऱ्या अध्यायाच्या तिसऱ्या पादातले १३१ वे सूत्र सांगते की वर्तमानाच्या निकट असलेल्या भूत-भविष्यासाठी विकल्पाने वर्तमानाचे प्रत्यय चालतात. लगेचचे १३२ वे सूत्र सांगते की आशा व्यक्त करायची असेल तर भविष्यासाठी भूताचीही रूपे चालतात. काशिकेने त्याचे उदाहरण दिले आहे ते शिक्षकांनी भिंतीवर लावावे असे आहे: गुरुजी आले, तर आपण व्याकरण शिकलोच!

‘आले’ आणि ‘शिकलोच’. हे संस्कृत समजावून सांगण्यासाठी मराठीला काही कष्ट पडले काय? ‘उद्या पाऊस पडला तर सामना होणार नाही’ हे आपले रोजचे वाक्य. पाऊस उद्याचा, रूप भूतकाळाचे. ‘थांब, आलोच’ म्हणणारा अजून आलेला नसतो. ‘बरं, निघालो मी’ म्हणणारा दारातच असतो. ‘उद्या पुण्याला जातो’, ‘परवा ताई येते आहे’, ‘सोमवारी सुट्टी आहे’ ही सगळी वर्तमानाची रूपे उद्याची कामे बिनतक्रार करतात. आणि ‘-णार’? तो तर मराठी भविष्याचा कणा. ‘करणारा’ या विशेषणाशी त्याचे नाते उघड आहे. ‘मी हे करणार’ म्हणजे मी हे करणारा माणूस आहे, माझी ती भूमिका ठरली आहे. ‘मी हे करीन’ यात अजून मनाचा हिंदोळा आहे.

एकाच प्रश्नाची चार रूपे पाहा. ‘येतोस का?’ हे आमंत्रण आहे, चप्पल पायात घालून दिलेले. ‘येशील का?’ ही विनंती आहे. समोरच्याच्या इच्छेला घातलेली साद. ‘येणार का?’ ही चौकशी आहे. तुझा बेत काय ते सांग. ‘येणार आहेस ना?’ यात आधी झालेल्या ठरावाची आठवण आणि थोडा संशय आहे. मराठी बोलणारे सहा वर्षांचे मूल यांत कधी चूक करत नाही. तेच मूल दहा वर्षांनी आमच्या वर्गात येते आणि ‘भविष्यकाळाचे प्रत्यय सांगा’ म्हटले की ‘-ईन, -शील, -ईल’ एवढे म्हणून थांबते. ‘-णार’ त्याला आठवत नाही असे नाही; तो भविष्यकाळात मोडतो असे त्याला कोणी सांगितलेले नसते.

या तक्त्याचा फोलपणा एका साध्या कसोटीने सिद्ध होतो. ‘तो येईल’ या वाक्याचा नकार करा. ‘तो न येईल’ असे आज कोणी म्हणत नाही. ती जुन्या काव्याची भाषा झाली. आपण म्हणतो, ‘तो येणार नाही’. ‘तो येणार आहे’ याचाही नकार तोच. म्हणजे होकारात दोन वाटांनी चालणारी मराठी नकारात एकाच दाराशी येते आणि ते दार ‘-णार’चे आहे. (‘तो यायचा नाही’ हे आणखी एक छोटे दार आहेच, त्यात वक्त्याचा अनुभव बोलतो.) ज्या प्रत्ययाला आपण भविष्यकाळाचा राजा म्हणून गादीवर बसवले, त्याला स्वतःचा नकारही धड देता येत नाही, आणि ज्याच्या जिवावर सगळा कारभार चालतो त्याला मात्र दरबारात जागा नाही! यापेक्षा मोठा पुरावा कोणता हवा?

दुसरा पुरावा तक्त्याच्याच रकान्यांत आहे. ‘तो लिहीत असेल’ हा म्हणे अपूर्ण भविष्यकाळ आणि ‘त्याने लिहिले असेल’ हा पूर्ण भविष्यकाळ. कोणत्याही मराठी घरात हे वाक्य उच्चारून पाहा. ‘बाबा काय करताहेत?’ ‘लिहीत असतील.’ हे आत्ताविषयीचे अनुमान आहे. ‘तो काल गेला असेल’ हे तर चक्क कालविषयीचे अनुमान आहे. ‘काल’ घडलेल्या गोष्टीला ‘पूर्ण भविष्यकाळ’ म्हणायला लावणारे व्याकरण विद्यार्थ्याला एकच गोष्ट शिकवते: व्याकरणाचा आणि आपल्या भाषेचा काही संबंध नसतो. ‘उद्या या वेळी मी गाडीत असेन’ अशी खरी भविष्याची वाक्ये आहेतच, नाही असे नाही. पण ती या रूपाच्या व्यवहाराचा एक भाग आहेत, सर्वस्व नव्हेत.

आणि इथे एक विलक्षण योगायोग समोर येतो. दारावरची घंटा वाजते आणि इंग्रज माणूस म्हणतो, ‘दॅट विल बी द पोस्टमन’. मराठी माणूस म्हणतो, ‘पोस्टमन असेल’. ‘विल’ आणि ‘-ईल’ यांची जोडी इथे तंतोतंत जुळते, आणि दोघांपैकी कोणीही भविष्याविषयी बोलत नाही! उलट जिथे खरोखर पुढच्या क्षणाची गोष्ट आहे तिथे जोडी मोडते. फोन वाजतो, इंग्रज ‘आय विल गेट इट’ म्हणतो. आपण ‘मी घेतो’ म्हणतो. ‘मी घेईन’ म्हणणाऱ्याकडे घरातले विचित्र नजरेने पाहतील. ‘आय विल कॉल यू टुनाइट’ याचे प्रामाणिक मराठी ‘रात्री फोन करतो’ असे आहे. ‘करीन फोन’ म्हणणाऱ्याच्या फोनची वाट शहाण्याने पाहू नये. ‘द डोअर वोन्ट ओपन’ याचे मराठी ‘दार उघडत नाही’. तक्त्याप्रमाणे भाषांतर केले तर दार उद्या उघडणार नाही असा त्याचा अर्थ होतो आणि माणूस आज बाहेरच राहतो.

हे सारे व्याकरणाच्या तासापुरते राहिले असते तर एवढे लिहिण्याचे कारण नव्हते. पण चलनदर चुकला की बाजार बिघडतो. आजच्या मराठी बातम्या, परिपत्रके, जाहिराती वाचा. ‘बैठक सोमवारी असेल.’ ‘उद्या शाळा बंद असतील.’ ‘प्रमुख पाहुणे म्हणून अमुक उपस्थित असतील.’ इंग्रजीतला ‘विल बी’ डोक्यात ठेवून लिहिलेली ही वाक्ये. मराठी कानाला ‘उद्या सुट्टी असेल’ यात खात्री ऐकू येत नाही, अटकळ ऐकू येते. ‘म्हणजे नक्की आहे, की अंदाज आहे?’ हा विद्यार्थ्याचा प्रश्न अज्ञानाचा नाही. त्याचे मराठी अजून शाबूत असल्याची ती खूण आहे. ‘सोमवारी बैठक आहे’, ‘उद्या शाळा बंद राहणार आहेत’ असे लिहिण्यात कोणता अडाणीपणा होता? पण अशा वाक्यांवर वाढलेल्या पिढीला काही वर्षांनी ‘असेल’मधली शंका ऐकू येणे बंद होईल. त्या दिवशी मराठीने अनुमानाचे एक नाजूक साधन गमावलेले असेल, आणि बदल्यात तिला मिळालेले असेल ते केवळ ‘आहे’चे एक लांबलचक रूप.

साहित्याच्या भाषांतरात हानी आणखी खोल जाते. इंग्रजी कादंबरीत निवेदक भूतकाळात उभा राहून पुढचे सांगतो, ‘शी वुड नेव्हर सी हिम अगेन’. भाषांतराच्या उत्तरपत्रिकांत याचे ‘ती त्याला पुन्हा कधी पाहील नाही’ पासून ‘तिने त्याला पुन्हा पाहिले नसते’ पर्यंत वाटेल ते होते. पहिले मराठीच नाही. दुसऱ्यात अर्थ उलटला, कारण ते घडलेच नाही असे म्हणते. मराठीकडे इथे अचूक साधन आहे: ‘ती त्याला पुन्हा कधीच भेटणार नव्हती.’ या ‘-णार नव्हती’मध्ये नियती आहे, पात्राला ठाऊक नसलेले निवेदकाला ठाऊक आहे, ही कथनशास्त्रातली मोठी गोष्ट एका प्रत्ययात सामावलेली आहे. विद्यार्थी तिथे का पोचत नाही? कारण त्याच्या तक्त्यात ‘-णार’ नाही. आम्ही एम.ए.च्या वर्गात निवेदनाचे सिद्धांत शिकवतो, पाश्चात्त्य मीमांसकांची नावे लिहून घ्यायला लावतो, आणि ज्या प्रत्ययावर ते निवेदन उभे असते तो मात्र शाळेच्या शिक्षकाचा विषय म्हणून सोडून देतो. आपल्या वाङ्मयातले पसायदानच घ्या. ते भविष्य सांगत नाही. त्याची क्रियापदे प्रामुख्याने आज्ञार्थाची, आशीर्वादाची आहेत. मागणे आणि वर्तवणे यांतला हा भेद विद्यार्थ्याला दाखवायचा तर काळ आणि अर्थ यांची गल्लत आधी निस्तरावी लागते.

या भूमिकेवर घेतले जाणारे आक्षेप ठाऊक आहेत. पहिला असा: नवशिक्याला सोपे काहीतरी द्यावेच लागते. मान्य. पण सोपे आणि खोटे यांत फरक असतो. ‘इंग्रजीत उद्याविषयी चार-पाच रीतींनी बोलतात, आपल्यासारखेच’ हे वाक्य बारा रकान्यांपेक्षा कठीण आहे काय? विद्यार्थ्याजवळ ‘येतो, येईन, येणार’ हा अनुभव आधीपासून आहे. त्याचा आधार घेतला तर इंग्रजीतले भेद त्याला लवकर कळतील. तक्ता हा अनुभव वापरत नाही. आधी तो पुसतो. दुसरा आक्षेप परीक्षांचा: प्रश्नपत्रिकेत तक्ताच विचारतात. प्रश्नपत्रिका आकाशातून पडत नाहीत. त्या आपल्यातलेच कोणीतरी काढतात.

तिसरा आक्षेप भाषाशुद्धीच्या रक्षकांकडून येतो, आणि त्याचा रोख वेगळीकडेच असतो. हल्ली मुले ‘मी येईन’ऐवजी ‘मी येईल’ म्हणतात, यावर ही मंडळी हळहळतात. लेखनात ‘येईन’ असावे याबद्दल दुमत नाही. पण या बदलात प्रथमपुरुषाची खूण पुसते, अर्थ पुसत नाही. ‘मी’ शब्द समोर असताना कोणाचा गैरसमज होत नाही. इंग्रजीतल्या ‘शॅल’चेही असेच झाले आणि इंग्रजी काही बुडाली नाही. ‘उद्या सुट्टी असेल’मध्ये मात्र व्याकरण शुद्ध आहे आणि अर्थ बिघडला आहे. रक्षक पहिल्यावर लाल रेघ ओढतात आणि दुसरे स्वतःच्या परिपत्रकात लिहितात.

आणखी एका टोकाचा उल्लेख केलाच पाहिजे. इंग्रजीला भविष्यकाळ नाही, मराठीला आहे, म्हणून मराठी श्रेष्ठ, असा विजयोत्सव करण्याचा मोह काहींना होईल. तो टाळावा. भाषेच्या काळांवरून माणसांची कुंडली मांडण्याचे प्रयत्न विद्वानांनीही केले आहेत. कीथ चेन या अर्थशास्त्रज्ञाने २०१३ साली असे मांडले की ज्या भाषांत भविष्याची खूण सक्तीची असते त्यांचे भाषक बचत कमी करतात. भाषांची परस्पर नाती हिशेबात घेऊन २०१५ साली फेरतपासणी झाली, तिच्यात स्वतः चेनही सहभागी होते; तेव्हा तो संबंध बराच दुबळा ठरला. आपल्याकडे ‘-ईल’ हा प्रत्यय आहे हे खरे. पण त्याचा अर्धा संसार वर्तमानाच्या अंदाजात चालतो हेही तितकेच खरे. दोन्ही भाषा उद्याविषयी एकाच पेचात आहेत: जे अजून घडलेले नाही ते ठामपणे कसे सांगावे? प्रत्येकीने आपापल्या परीने उत्तरे शोधली आहेत. ती उत्तरे समोरासमोर ठेवणे म्हणजे तुलना. एकीची उत्तरे दुसरीच्या तोंडी घालणे म्हणजे तक्ता.

करायचे काय, ते फार अवघड नाही. पदवीच्या पहिल्या वर्षाच्या वर्गात एक तास द्यावा. फळ्यावर ‘येतोस का, येशील का, येणार का, येणार आहेस ना’ ही चार वाक्ये लिहावीत आणि कोण कोणाला केव्हा म्हणेल हे विद्यार्थ्यांना विचारावे. ‘येईल’चा नकार करून घ्यावा. मग वर्तमानपत्रातली दहा ‘असेल’ गोळा करायला सांगून, त्यांत शंका किती ठिकाणी आहे आणि ‘विल बी’ किती ठिकाणी, याची विभागणी करून घ्यावी. त्यानंतर इंग्रजीच्या प्राध्यापकांना वर्गात बोलावून त्यांच्या ‘गोइंग टु’ची आणि आपल्या ‘-णार’ची गाठ घालून द्यावी. दोन विभागांमधली भिंत एरवी फार जाड असते. पण या एका विषयापुरती दोघांची अडचण एकच आहे.

हे होईल का? ‘होईल’ म्हणण्यात, मराठीला ठाऊक आहेच, कोणाचेच काही बांधले जात नाही. येत्या वर्षी आपल्या वर्गात आपण हे करणार आहोत का, असा प्रश्न प्रत्येकाने स्वतःला विचारावा आणि उत्तर देताना क्रियापद जपून निवडावे.